एकच ट्रेलर, दोन मोल

कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये एका लहानशा विधेयकावर स्वाक्षरी केली. बेवारस आणि नादुरुस्त असे निवासी वाहन ५०० डॉलरपर्यंत किमतीचे असेल, तरच लिलावाच्या लांबलचक प्रक्रियेविना ते मोडीत काढता येत असे. लॉस एंजेलिस आणि अलामेडा या दोन काउंटींसाठी ही मर्यादा ४,००० डॉलर करण्यात आली. वरवर पाहता हा रस्ते मोकळे करण्याचा उपाय. मात्र मोटारीमागे जोडून ओढायच्या जुन्या ट्रेलरचा बाजार तेथे कसा चालतो हे ठाऊक असणाऱ्यांना त्यातील विसंगती खटकल्यावाचून राहणार नाही. एकाच वयाचे दोन ट्रेलर. त्यांपैकी एक संग्राहकाच्या अंगणात मिरवतो, तर दुसरा भंगारात जातो.

वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने रिव्हेट मारलेल्या चकचकीत ॲल्युमिनियमचा ‘क्लिपर’ १९३६ मध्ये आणला, तो याच लॉस एंजेलिसमध्ये. १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या अपोलो-११ च्या अंतराळवीरांना विलगीकरणात ठेवले गेले, तेही एअरस्ट्रीमच्याच फेरबदल केलेल्या ट्रेलरमध्ये. अशा वारशामुळे जुन्या ट्रेलरला हौशी गिऱ्हाईक कायम होते. त्यात कोविडची भर पडली. विमाने आणि हॉटेले नकोशी झालेल्या मध्यमवर्गाने चाकांवरच्या घरांकडे धाव घेतली आणि २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक नवी निवासी वाहने कारखान्यांतून बाहेर पडली. हा विक्रम होता. २०२३ पर्यंत हा आकडा जवळपास निम्म्यावर आला.

जुना ट्रेलर घेणारा दुसरा वर्गही आहे. त्याला पर्यटन करायचे नसते. घरभाडे परवडत नाही म्हणून तो चार भिंती शोधत असतो. फसगत होते ती बहुधा याच वर्गाची, कारण तपासणीसाठी लागणारा वेळ आणि पैसा त्याच्यापाशी नसतो. पन्नास-साठच्या दशकांतील बहुतेक ट्रेलर म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेला पातळ पत्रा. छताच्या सांध्यातून वर्षानुवर्षे पाणी झिरपते, सांगाडा आतून कुजतो आणि बाहेरून ताज्या रंगाखाली काहीच दिसत नाही. मोठे घर पोकळ वासा म्हणतात. येथे घर लहान, पण वासा तितकाच पोकळ. एअरस्ट्रीमचे कवच धातूचे असले तरी जमीन प्लायवूडची असते आणि मागच्या टोकाला ती हमखास भिजलेली सापडते. म्हणूनच जाणकार आत शिरल्यावर आधी कोपरे दाबून पाहतात, कपाटांच्या तळाशी टोच्या खुपसतात, मगच किमतीची भाषा करतात. त्यानंतर आस, ब्रेक, गॅसची नळी आणि टायरचे वय येते. टायरवर नक्षी शिल्लक असली तरी रबर जुने झालेले असू शकते. ट्रेलरचे कोरे वजन पाहून गाडी ओढेल असे गृहीत धरणेही धोक्याचे, कारण शंभर लिटर पाणी भरले की शंभर किलो वाढतात.

कागदपत्रांची कथा याहून बिकट आहे. आपल्याकडील आरसी बुकासारखा मालकीचा दाखला तेथेही असतो, परंतु प्रत्येक राज्याचे नियम निराळे. हात बदलत आलेल्या ट्रेलरचा दाखला हरवलेला असतो, किंवा तो तीन मालकांपूर्वीच्या नावावर असतो. केवळ विक्रीची पावती घेऊन ट्रेलर घरी नेणाऱ्याला पुढे नोंदणी मिळेलच असे नाही आणि नोंदणी नसलेले वाहन रस्त्यावरून उचलले जाण्यास वेळ लागत नाही.

आणि तो उभा कुठे करायचा? अनेक खासगी ट्रेलर-तळांवर दहा वर्षांपेक्षा जुन्या वाहनांना मज्जाव असतो. गंमत अशी, की देखणा, उजळलेला जुना ट्रेलर असेल तर छायाचित्र पाहून त्याला सवलत मिळू शकते. थोडक्यात, नियम वयाचा आणि निवाडा रूपावर! तळ नाही म्हटल्यावर रस्ता उरतो. तेथे सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये ओरेगॉनमधील ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल देऊन, सार्वजनिक जागेत मुक्काम करणाऱ्यांना दंड करण्याची शहरांना मुभा दिली.

कॅलिफोर्नियातील नव्या कायद्याचे समर्थक म्हणतात, की उचललेली वाहने लिलावात कवडीमोलाने विकली जातात आणि पुन्हा रस्त्यावर येतात; काही जण तर ती विकत घेऊन बेघरांनाच भाड्याने देतात. यात तथ्य आहे. सांडपाणी आणि आगीचा धोकाही काल्पनिक नाही. परंतु ४,००० डॉलर ही मर्यादा नेमकी त्या थरावर येते, जिथे गरीब खरेदीदार आपली सारी पुंजी ओततो. मालक कामावर गेलेला असताना इंजिन नसलेला, टायर बसलेला ट्रेलर ‘बेवारस’ कुणी आणि कशावरून ठरवायचा, हा आक्षेप विरोधकांनी लावून धरला. ट्रेलरला मुळातच इंजिन नसते. ओढणारी गाडी दुसरीकडे गेली की तो जागचा हलत नाही, मग मालक आत झोपलेला असो वा चार गल्ल्या पलीकडे पाळी करत असो.