श्रेय थंडीचं नव्हे

अ‍ॅना बोगेनहोल्मची गोष्ट या आठवड्यात पुन्हा मोबाइलवर फिरते आहे, आणि पुन्हा अर्धीच. गोठलेली मुलगी, थांबलेलं हृदय, देवाची करणी. माणसं राबली तो भाग नेहमीप्रमाणे गाळलेला. या स्तंभाचा त्यावरचा राग जुना आहे.

मे १९९९. नॉर्वेतल्या नार्विकजवळ स्की करताना ही स्वीडिश डॉक्टर पडली आणि ओढ्यावरच्या बर्फाखाली अडकली. तिथल्या पोकळीत तिला हवा मिळाली. सुमारे ४० मिनिटं ती शुद्धीवर होती. बाहेर काढेपर्यंत ८० मिनिटं उलटली होती. शरीराचं तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरलं. हेलिकॉप्टरमध्येही छाती दाबणं चालूच होतं. ट्रोम्सोच्या रुग्णालयात मॅड्स गिल्बर्ट यांच्या चमूने तिचं रक्त हृदय-फुफ्फुस यंत्रातून फिरवून तिला ऊब दिली. हृदय पुन्हा चालू झालं. पुढे ती त्याच रुग्णालयात रेडिओलॉजिस्ट झाली.

हवेची ती पोकळी निर्णायक ठरली. प्राणवायू मिळत असतानाच मेंदू गार होत गेला, त्याची गरज घटली, आणि हृदय नंतर थांबलं. हिमस्खलनात नाकातोंडात बर्फ जाऊन आधी श्वासच कोंडला, तर मागाहून आलेल्या थंडीचा उपयोग होत नाही.

पण डोळे उघडणारी तुलना ट्रोम्सोची ट्रोम्सोशीच आहे. १९८५ ते २०१३ या काळात गारठून हृदय थांबलेल्या ३४ जणांवर तिथे उपचार झाले. १९९९ च्या आधी आलेल्यांपैकी एकही जगला नाही. त्यानंतरच्या २४ पैकी ९ जगले. नॉर्वेतली थंडी तर बदलली नव्हती! कारणं अनेक असतील, पण या स्तंभाच्या मते मोठं कारण एकच: जागेवरच छाती दाबायला घ्यायची, वाटेत सोडायची नाही, आणि ऊब देऊन पाहिल्याशिवाय मृत्यू जाहीर करायचा नाही, हे तिथे पक्कं रुजलं. हा हिशेब मांडणाऱ्यांत टोरविंड नेसहाइम आहेत. अ‍ॅना अडकली तेव्हा तिला धरून ठेवणाऱ्या दोन सहकाऱ्यांपैकी ते एक.

आपल्याकडे हिमालयात निघालेल्यांना अजून ब्रँडीचा सल्ला दिला जातो. ब्रँडीने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली ऊब निसटते. गारठलेल्याला चोळू नये, हिसके देऊ नयेत. गार हृदयाची लय तेवढ्यानेही बिघडते. आडवं ठेवावं, ओले कपडे कापून काढावेत, कोरड्यात गुंडाळावं. श्वास थांबलाच तर छाती दाबावी लागते, आणि ती कशी दाबायची हे पुण्या-मुंबईहून गाडी सुटण्याआधीच शिकून घ्यायला हवं.