हुशार मुलांस काय द्यावें?

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला कीं आमच्याकडे दोन प्रकारचे पालक येतात. ज्यांचीं मुलें कशींबशीं वर गेलीं ते संकोचानें येतात, ज्यांच्या मुलांचा पहिला किंवा दुसरा नंबर आला ते हंसतमुखानें येऊन विचारतात, "गुरुजी, आतां ह्याला सुटींत सहावीचीं पुस्तकें सुरू करूं ना?" पहिल्या प्रकारच्या पालकांशीं आम्ही तासन् तास बोलतों. दुसऱ्यांस "अवश्य करा" असें सांगून आजवर वाटेस लावीत आलों. तें आमचें चुकलें असें आतां वाटूं लागलें आहे, म्हणून हा लेख.

पूर्वीं प्राथमिक शाळेचें शेवटचें वर्ष म्हणजे मराठी सातवी. व्हर्नाक्युलर फायनल उतरलेल्या मुलास गांवांत मान असे. त्यांतून कोणी तलाठी होई, कोणी शाळामास्तर. आतां प्राथमिक टप्पा पांचवीपर्यंत धरण्यांत येतो. परंतु पुष्कळ जिल्हा परिषदेच्या शाळा चौथीपाशींच थांबत असल्यामुळें पांचवीचा वर्ग हायस्कुलाच्या छपराखालीं भरतो. त्यामुळें खाडीकांठच्या लहान लहान शाळांत चार वर्षें पहिला नंबर राखून आलेलीं मुलें आमच्या पांचवींत एकत्र येतात. त्यांतील कित्येकांस अडणें म्हणजे काय हें ठाऊकच नसतें. प्रश्न पुरा होण्यापूर्वींच हात वर! अशा मुलाची आम्हां शिक्षकांस काळजी वाटत नाहीं, आणि खरी चूक येथेंच होते.

पालकांचें लक्ष ह्या वर्षीं स्पर्धेच्या परीक्षांकडे असतें. शिष्यवृत्तीची परीक्षा १९५४-५५ पासून चौथीस व सातवीस होत आली. २०१७ सालीं ती पांचवीस व आठवीस घेण्यांत आली. पांचवींत नवोदय विद्यालयाचीही प्रवेशपरीक्षा असते. हीं विद्यालयें १९८५-८६ सालीं झज्जर व अमरावती येथें प्रथम निघालीं. आपल्या जिल्ह्याचें माणगांव तालुक्यांत निजामपुरास आहे. निदान तीनचतुर्थांश जागा खेड्यांतील मुलांसाठीं असल्यानें शेतकऱ्याच्या किंवा कोळ्याच्या मुलास राहण्याजेवण्यासह शिक्षणाचा दरवाजा तेथें उघडतो. ह्या परीक्षांस नांवें ठेवण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. आम्हीही मुलांची तयारी करून घेतों.

परंतु ती तयारी कशी असते पाहा. नवोदयच्या परीक्षेंत दोन तासांत ८० प्रश्न सोडवावयाचे, म्हणजे एका प्रश्नास दीड मिनिट. उत्तरें चार छापलेलीं; त्यांतून एक निवडावयाचें. जो प्रश्न दीड मिनिटांत सुटत नाहीं तो सोडून पुढें जा, असेंच मुलांस शिकवावें लागतें, आणि परीक्षेपुरतें तें योग्यच आहे. मात्र वर्षभर हेंच एक शिकलेलें हुशार मूल अवघड दिसलेली गोष्ट सोडून देण्यांतही हुशार होतें. पुढें आठवी-नववींत भूमितीचा एखादा प्रश्न आठ दिवस मनांत बाळगण्याची वेळ येते, तेव्हां चार वर्षांचा पहिला नंबर अचानक खालीं कां गेला, असें पालक आम्हांस विचारतात.

एक घडलेली गोष्ट सांगतों. पांचवींत आम्ही अपूर्णांक शिकवीत होतों. पूर्ण भरतीची वेळ काढण्याचा आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांचा आडाखा असा कीं, तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीस तीन वाजतां भरती, अष्टमीस सहा वाजतां. वर्गांतील पहिल्या नंबरच्या मुलानें पंधराही तिथींच्या वेळा कागदास पेन्सिल न लावतां सांगितल्या. नेहमींप्रमाणें "शाबास" म्हणून आम्ही पुढें जाणार, इतक्यांत आमच्याच लक्षांत एक गोष्ट आली आणि ती आम्ही त्याला विचारली. पौर्णिमेस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशीं प्रतिपदा, म्हणजे पाऊण वाजतां भरती. रोज पाऊण तास पुढें सरणारी भरती त्या एका दिवशीं दीड तासाची उडी कां मारते? हा अधिकचा पाऊण तास कोठून आला?

मुलानें थोडा वेळ फळ्याकडे पाहिलें, पेन्सिल खालीं ठेविली आणि म्हणाला, "हें पुस्तकांत नाहीं." त्याच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें होतें. तेव्हां कोळीवाड्यांतील एक मुलगी, जिचा नंबर कधीं विसाच्या आंत आला नाहीं, मागच्या बांकावरून बोलली, "माझे बाबा म्हणतात, पाऊणकी उधाणाला लागते, भांगाला लागत नाहीं."

तिचे वडील अगदीं बरोबर सांगत होते. उधाणाच्या दिवसांत भरती रोज सुमारें पाऊण तासानेंच पुढें सरकते, भांगाच्या दिवसांत एक तासाहूनही अधिक. पंधरा तिथींत मिळून बारा तास पुरे होतात, तेव्हां सरासरीनें एका तिथीस ४८ मिनिटें पडतात, ४५ नव्हेत. तीन-तीन मिनिटांची ही तूट पंधरा वेळां सांचली कीं बरोबर पाऊण तास होतो. जुन्या शाळांतून पाऊणकी मुखोद्गत असे, चारपंचमांशाचा पाढा कोणी शिकवीत नसे, म्हणून आडाखा पाऊणकीचा झाला असावा, असा आमचा आपला तर्क.

हें सारें आम्ही त्या दिवशीं सांगितलें नाहीं. मुलास नऊ दिवस लागले. त्या मुलीबरोबर बंदरावर जाऊन त्यानें भरतीच्या वेळा टिपून आणिल्या, दोनदां चुकीचें उत्तर आणिलें, एकदां रागावून वही घरीं ठेवून आला. दहाव्या दिवशीं प्रार्थनेपूर्वींच आमच्या खोलीच्या दाराशीं उभा राहून म्हणाला, "तीन मिनिटें!" त्या नऊ दिवसांत त्यानें सहावीच्या पुस्तकाचें एक पानही उलटिलें नाहीं.

त्यापूर्वीं वर्षभर त्याला आम्ही काय दिलें होतें? शाबासकी, आणि दुसऱ्यांच्या वह्या तपासण्याचें काम. पुढच्या मुलानें मागच्यास शिकवावें ही आपल्या पंतोजींच्या शाळांतील जुनी चाल. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल ह्यानें मद्रासेस तशीच पद्धति चालविली व १७९७ सालीं तिच्यावर पुस्तक लिहून ती इंग्लंडांत नेली. दुसऱ्यास समजावून देतांना आपलें ज्ञान पक्कें होतें, हें खरेंच. पण रोज तेंच करविलें, तर तो विद्यार्थी न राहतां बिनपगारी मास्तर होतो, आणि खरें सांगावयाचें तर त्यांत सोय आमची असते.

पवित्र शास्त्रांतील रुपयांचा दाखला आमच्या विद्यार्थ्यांनीं ऐकला आहे. धन्याचे हजार रुपये जमिनींत पुरून ठेवणाऱ्या त्या तिसऱ्या दासावरच बोलण्याची आम्हां शिक्षकांस संवय. पांच हजार मिळालेल्यानेंही ते पुरून ठेविले असते तर? आणि त्यासाठीं खड्डा आम्हींच खणून दिला असता तर?

ज्या कुंडलिकेच्या मुखाशीं रेवदंडा आहे, तिच्याच कांठीं रोह्यास चिंतामणराव देशमुख ह्यांचें बालपण गेलें. १९१२ सालीं ते मॅट्रिकला पहिले आले व संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. १९१८ सालीं आय. सी. एस. परीक्षेंतही पहिले. पण पहिल्या नंबरांची ही माळ मोजण्यासाठीं आम्ही त्यांचें नांव काढिलेलें नाहीं. केंब्रिजास वनस्पतिशास्त्राचें पारितोषिक मिळविलेला आणि १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर झालेला हा गृहस्थ कालिदासाचें मेघदूत मराठी पद्यांत आणीत बसला. त्या कामाची परीक्षा कोणी घेणार नव्हतें.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, सुटींत सहावीचीं पुस्तकें राहूं द्यावीं. पहिल्या नंबरच्या मुलास घरीं एखादी गोष्ट अडली तर लगेच उत्तर सांगूं नये, व "तुला एवढें येत नाहीं?" असेंही म्हणूं नये. आम्ही आपल्याकडून जूनपासून पांचवीच्या वर्गांत एक जाड वही ठेवणार आहों. तींत एका वेळीं एकच प्रश्न लिहिला जाईल; त्यास गुण नाहींत व मुदतही नाहीं. ती वही केवळ वरच्या पांच नंबरांसाठीं नाहीं. मागच्या बांकावर कोण बसलेलें असतें, हें आम्हांस आतां कळलें आहे.

पहिला प्रश्न येथेंच देतों. पूर्ण भरतीनंतर सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी होते. ओहोटीस अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यांत पायीं जातां येतें. पौर्णिमेस जावयाचें असल्यास केव्हां निघावें, व अष्टमीस केव्हां? दोन्ही दिवशीं एकच रीत चालेल काय? किनाऱ्यावर एकट्यानें जाऊं नये. कोळीवाड्यांत मात्र खुशाल विचारावें.