संग्रहाचा छंद : दुकानदारांचीं नाणीं

जुनीं नाणीं जमविण्याची आवड आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. बहुतेक संग्रहांत राजेरजवाड्यांचींच नाणीं असतात. ज्यांवर कोणत्याहि राजसत्तेची मुद्रा नाहीं, अशा नाण्यांचा परिचय आज वाचकांस करून द्यावयाचा आहे.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. पुढें काय होईल ह्याची शाश्वती नसल्यानें लोकांनीं प्रथम सोनें, मग रुपें व १८६२ सालीं तांबें-निकलचे सेंटदेखील दडवून ठेवले. बाजारांत खुर्दा मिळेना. लोक टपालाचीं तिकिटें देऊं-घेऊं लागले, पण तीं बोटांस चिकटत व फाटत. शेवटीं व्यापाऱ्यांनींच सेंटच्या आकाराचे तांब्याचे बिल्ले पाडून घेतले. कांहींवर दुकानाचें नांव व गांव, तर कांहींवर देशभक्तीचीं वचनें असत. कांहीं बिल्ल्यांवर 'एक सेंट' हीं अक्षरें ठळक, पण वर बारीक अक्षरांत 'नव्हे'! असे सुमारें अडीच कोटि बिल्ले निघाले असावेत, असा अंदाज आहे.

ह्या तांब्याच्या तुकड्यांस किंमत होती ती काढणाऱ्याच्या पतीमुळें. न्यूयॉर्कच्या लिंडेनम्यूलर नांवाच्या गुत्तेवाल्यानें दहा लाखांवर बिल्ले चालविले. थर्ड ॲव्हेन्यू रेल्वेनें ते भाड्यापोटीं घेतले. ढीग सांचल्यावर बदलून मागितले, तेव्हां त्यानें साफ नकार दिला असें सांगतात. कंपनीस कायद्याचा आधार नव्हता. २२ एप्रिल १८६४ च्या कायद्यानें खाजगी सेंटांस बंदी झाली व कांशाचा नवा सरकारी सेंट आला. त्याच वर्षीं जूनमध्यें सर्वच खाजगी नाणीं बेकायदा ठरलीं.

संग्राहकानें शक्य तर दुकानाचें नांव असलेला बिल्ला घ्यावा. नांवगांवावरून त्या दुकानाचा शोध घेतां येतो. कांहीं बिल्ले त्याच काळीं केवळ हौशी लोकांसाठीं निराळ्या धातूंत पाडलेले आहेत, हें ध्यानांत असावें. आणि घरांतील तांब्याच्या भांड्यांप्रमाणें तो चिंचेनें मात्र कधींहि घांसूं नये. जुना रंग गेला कीं मोल गेलें.

दुसऱ्या महायुद्धांत आपल्याकडेहि खुर्द्याची टंचाई पडली. सरकारनें १९४३ पासून भोकाचा पैसा काढला, तर काठेवाडांतील कांहीं संस्थानांनीं पुठ्ठ्याचीं कुपनें. आजोबांच्या पेटींत असें कुपन निघाल्यास रद्दी समजून टाकूं नये. तें कोणाच्या शब्दावर चाललें व शेवटीं तो शब्द पाळला गेला कीं नाहीं, हें घरांतील वडील माणसांस अवश्य विचारावें.