मिठाच्या पाण्यातले बी



रोहिणी निघाली की आपण भाताचे बी कणगीतून बाहेर काढतो. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ते टाकावे. पोचट बी वर तरंगते, ते काढून टाकावे. तळाशी बसलेले भरदार बी दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. सुपात दोन्ही सारखेच दिसतात. पाण्यात पडल्यावर फरक कळतो.

माणसाच्या मूल्यांचेही असेच आहे. सचोटी, समता, माणुसकी हे शब्द सर्वांच्याच तोंडी असतात. त्यातले भरलेले कोणते आणि पोचट कोणते, हे पैशाची आणि पोटाची वेळ आली म्हणजे दिसते.

ही परीक्षा आपल्या तलासरीत झालेली आहे. स्वातंत्र्यापूर्वी डहाणू-उंबरगाव भागातला वारली जमीनदाराच्या शेतावर फुकट राबत असे. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको दोघेही जन्माचे गडी होत. त्यांना लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ रोजी झरी गावी वारल्यांची मोठी सभा भरली. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी त्यांना एकत्र आणले होते. तेथे ठरले की, यापुढे वेठ करायची नाही आणि रोजचे बारा आणे रोख मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या शेतावर जायचे नाही.

दिवस कोणते होते ते ध्यानात घ्या. मे अखेर म्हणजे कणगी रिकामी, आणि खावटी मागायची तर त्याच जमीनदाराकडे. अशा वेळी नुसत्या बारा आण्यांसाठी कोणी उपाशी राहण्याचा धोका पत्करत नाही. आपणही माणूस आहोत, ही जाणीव त्यामागे होती. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांनी प्राण गमावले. तरीही लोक मागे हटले नाहीत. वेठ आणि लग्नगडी दोन्ही मोडले. गोदावरीबाईंनी ही हकिगत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० सालच्या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

दुसरे उदाहरण कोसबाडच्या टेकडीवरचे. प्रत्येक मूल शिकले पाहिजे, असे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ मानत. पण मुले गुरांमागे जात, शाळेत येणार कशी? मुलांना दोष न देता या बायांनी शाळाच कुरणात नेली. मूल्य खरे असले म्हणजे माणूस आधी स्वतःची रीत बदलतो.

आता पाळी आपली आहे. त्या वारल्यांची नातवंडे आज सातबाराचे धनी आहेत. लावणीला तीही मजूर लावतात. चिकूच्या वाड्यांतही रोज माणसे लागतात. तेव्हा प्रत्येकाने स्वतःला काही प्रश्न विचारावेत. मजुरी कामाआधी ठरवतो का? त्याच दिवशी देतो, की दिवाळीवर ढकलतो? चिखलात सारखीच वाकणाऱ्या बाईला गड्यापेक्षा कमी देतो का? वीटभट्टीची उचल घेऊन शेजारी घर बंद करून निघाला, तर हिशेब वाचून घे, लिहून ठेव, असे त्याला कोणी सांगतो का?

वेठबिगारी १९७६ साली कायद्याने बंद झाली. पण कायदा बांधापर्यंत येतो, बांधाच्या आत आपले मनच राखण करते. मुले आपले बोलणे विसरतात. मजुराच्या हातावर पैसे ठेवताना आपण कसे वागलो, ते मात्र बघून ठेवतात. पुढच्या पिढीचे बी तेच.

तेव्हा यंदा बियाण्याबरोबर आपली रीतही एकदा मिठाच्या पाण्यात टाकून पाहा. जे वर तरंगेल ते पेरू नका.