मत्स्यतेलाची मात्रा

भोर आणि वेल्हे हे सह्याद्रीच्या कुशीतले तालुके. वेल्ह्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. भाताची खाचरे, उतारावरची नाचणी-वरई आणि पायाखालचा चढ यांवर पोसलेल्या या मावळपट्ट्यात स्थूलपणाची चर्चा करावी लागेल, असे दोन पिढ्यांपूर्वी कोणी म्हटले असते तर लोक हसले असते. आज खाचरातला माणूस कचेरीच्या खुर्चीत बसला आहे, पायवाटेची जागा मोटारसायकलने घेतली आहे आणि ताटातील भात मात्र तेवढाच राहिला आहे. अशा वेळी औषधांच्या दुकानांतून मत्स्यतेलाच्या सोनेरी गोळ्या मेद वितळवण्याची आणि शरीरातील दाह शमवण्याची आशा दाखवीत असतील, तर त्या आशेची पारख करणे अगत्याचे ठरते.

या आशेमागे शास्त्र मुळीच नाही, असे नव्हे. मेद ही केवळ साठवणीची कोठी नाही. पेशी फुगल्या की तेथे भक्षकपेशी जमतात, दाहकारक द्रव्ये रक्तात सोडतात आणि इन्सुलिनचा हुकूम स्नायूंना व यकृताला ऐकू येईनासा होतो. मासळीच्या तेलातील ओमेगा-३ आम्ले पेशींच्या आवरणात शिरून या दाहाला आवर घालतात, हे उंदरांवरील प्रयोगांत स्पष्ट दिसले आहे. रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी तर माणसांतही मोठ्या मात्रेने निश्चित उतरते.

परंतु उंदरापासून माणसापर्यंतची वाट सरळ नाही. मत्स्यतेलाने माणसाचे वजन म्हणण्यासारखे घटत नाही आणि मधुमेहही टळत नाही. २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत शुद्ध केलेल्या ओमेगा-३ आम्लाने हृदयविकाराचे प्रसंग घटले. २०२० च्या दुसऱ्या चाचणीत वेगळ्या मिश्रणाने काहीच लाभ दिसला नाही. दोन्हीकडे मात्रा दिवसाला ४ ग्रॅमची होती आणि दोन्हीकडे हृदयाची लय बिघडण्याचे प्रमाण वाढले. बाजारातील नेहमीच्या १,००० मिलिग्रॅमच्या गोळीत ही आम्ले बहुधा ३०० मिलिग्रॅमच असतात. म्हणजे तेवढ्या मात्रेसाठी रोज तेरा-चौदा गोळ्या गिळाव्या लागतील! डॉक्टरांच्या सल्ल्याखेरीज तो खटाटोप करणे शहाणपणाचे नाही.

या मुलखापुढचा खरा प्रश्न निराळाच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासात तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ते ३.५ किलो होते. आपल्या बालकांत स्नायू पुष्कळ कमी होते. त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने टिकून होता. ‘दिसण्यात कृश, देहात मेदयुक्त’ अशी ही घडण जन्मापासूनचीच. म्हणून काट्यावर हलका ठरणारा कारकून वा शिक्षकही आतून स्थूल असू शकतो, आणि त्याच्यातील दाह कोणाच्या नजरेस येत नाही. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर कंबर ही धोक्याची रेषा मानली जाते, ती याचसाठी.

तेव्हा गोळीच्या आधी मोजपट्टी हवी. प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्तदाबाबरोबर कंबरही मोजली जावी आणि वाढलेली दिसल्यास रक्तातील साखर तपासली जावी. या कामाला खर्च तो किती!

आहाराचे उत्तरही बाटलीत शोधावे लागत नाही. कोकणातून घाट चढून आलेली मासळी या भागाला परकी नाही. मिळेल तेव्हा बांगडा किंवा तारली आठवड्यातून दोनदा ताटात असावी, मात्र तळून नव्हे. सुक्या मासळीत मीठ फार असते, याचेही भान असावे. धरणांतील रोहू-कटला पौष्टिक खरा, पण त्यात ही आम्ले समुद्रातील तेलकट मासळीहून बरीच कमी. शाकाहारी घरांना जवसाची चटणी आहे. जवसातील ओमेगा-३ चे मासळीतील आम्लांत रूपांतर फारच थोडे होते, तरीही ती चटणी ताटात असणे हिताचेच. भाताची एक मूद कमी करून उसळ वाढवणे आणि रोज घामाघूम होईतो चालणे, यांची बरोबरी मात्र कोणतेच तेल करणार नाही.

गडकिल्ल्यांच्या या मुलखाला चालणे नव्याने शिकवावे लागावे, हा काळाचा महिमा म्हणावयाचा. पण ते शिकवणे गोळ्या वाटण्यापेक्षा स्वस्त आहे आणि अधिक गुणकारीही.