वास्तू हीसुद्धा संग्रहातलीच वस्तू



सिडनीच्या अल्टिमो भागातील ‘पॉवरहाउस’ या तंत्रविद्या आणि उपयोजित कलांच्या, म्हणजे वापराच्या वस्तूंना घाट देणाऱ्या कलांच्या, संग्रहालयाचा विचार करताना संग्रह वेगळा आणि वास्तू वेगळी असे मानण्याची जी रीत तेथील राज्यकर्त्यांत रूढ झाली, ती तपासून पाहणे आवश्यक आहे. ही वास्तू मुळात ट्रामगाड्यांना वीज पुरवण्यासाठी १८९९ मध्ये सुरू झालेले वीजघर; ते १९६३ मध्ये बंद पडले आणि १९८८ मध्ये वास्तुविशारद लायोनेल ग्लेंडेनिंग यांच्या आराखड्यानुसार तेथे संग्रहालय उघडले. पुढे न्यू साउथ वेल्स सरकारने ते पश्चिम सिडनीतील पॅरामॅटाला हलवण्याचे ठरवले आणि विरोध वाढल्यावर २०२० मध्ये अल्टिमोची जागा राखण्याचे जाहीर केले. पश्चिम सिडनीत वस्ती मोठी आणि सांस्कृतिक संस्था थोड्या, हा सरकारचा मुद्दा खोटा नव्हता. पण तिकडे नवे उभारण्यासाठी इकडचे मोडायचे कशाला, याचे उत्तर जमिनीच्या भावाखेरीज कशात सापडत नाही.

या संग्रहातील बोल्टन आणि वॉट यांचे १७८५ चे वाफेचे इंजिन पाहिले, म्हणजे वास्तूचे महत्त्व ध्यानात येते. लंडनमधील व्हिटब्रेडच्या बिअर कारखान्यात घोड्यांच्या जागी बसवलेले हे यंत्र १८८७ पर्यंत चालले आणि नंतर भेट म्हणून सिडनीला आले. दट्ट्याच्या खाली-वर गतीचे रूपांतर चक्राकार गतीत करण्याची सोपी युक्ती, म्हणजे क्रँक, दुसऱ्याच्या पेटंटात अडकल्यामुळे वॉटने जोडदांड्याच्या टोकाला एक दंतचक्र घट्ट बसवून ते आसावरच्या दुसऱ्या दंतचक्राभोवती फिरवले. सूर्याभोवती ग्रह फिरावा तशी ही रचना असल्याने तिला सूर्य-ग्रह दंतचक्र म्हणतात. दोन्ही चक्रांचे दाते सारखे असूनही दट्ट्याच्या एका पूर्ण फेऱ्यात आस दोनदा का फिरतो, हे फलक वाचून सहसा पटत नाही, यंत्र फिरताना पाहिले की क्षणात पटते. पॉवरहाउसमध्ये ते वाफेवर चालवून दाखवले जात असे, कारण यंत्रांना वाफ पुरवण्याची सोय तेथे केलेली होती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नूतनीकरणासाठी बंद केलेले हे संग्रहालय पुन्हा उघडेल, तेव्हा उंच दालने समारंभांना भाड्याने देता येतात की नाही यापेक्षा ही वाफेची सोय टिकली की नाही, यावरून नूतनीकरणाच्या खर्चाचे मोल ठरवावे. मुंबई महापालिकेनेही काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योग संग्रहालय योजले आहे. तेथे भिंती राखून आत केवळ भित्तिशिल्पे आणि कारंजी मांडली, तर साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या विभागात, काम कसे चाले हे कोणालाही उमगणार नाही, म्हणून निदान दोन-चार साचे चालू स्थितीत ठेवण्याची आणि ते चालवू शकणाऱ्या जुन्या कामगारांना मानधनावर नेमण्याची तरतूद आराखड्यातच असावी.

एक वाचक