गाभ्याहून साल मोलाची

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक अधिवृक्क ग्रंथी असते. वजन जेमतेम 4-5 ग्रॅम. आतला गाभा आणि भोवतीची साल या खरे तर एकाच वेष्टनातल्या दोन निराळ्या ग्रंथी.

नाव झाले ते गाभ्यातल्या अ‍ॅड्रेनलिनचे. भीती वाटली वा संताप आला, की ते क्षणार्धात रक्तात उतरते. छाती धडधडते, रक्तदाब आणि साखर चढते. पण गाभ्यावाचून माणूस जगू शकतो. सालीवाचून, औषधे न घेता, जगत नाही. बोलबाला मात्र अ‍ॅड्रेनलिनचाच.

साल आपली संप्रेरके कोलेस्टेरॉलपासून बनवते. बाहेरच्या थरातले अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाकरवी सोडियम राखते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. सर्वांत आतल्या थरात सौम्य पुरुषी संप्रेरके तयार होतात, स्त्रियांमध्येही. मधला थर सर्वांत जाड. त्यातले कॉर्टिसॉल उपाशीपोटी साखर टिकवते, दाह आवरते, आजारपणात रक्तदाब सावरून धरते. त्याची पातळी सकाळी जागे होण्याच्या सुमारास सर्वाधिक आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी असते. हुकूम मेंदूतळाच्या पियुषिका ग्रंथीचा. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसे झाले की तीही हात आखडता घेते.

साल निकामी झाली की काय होते, हे लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी 1855 मध्ये नोंदवले: न हटणारा थकवा, घटते वजन, काळवंडणारी त्वचा. त्या काळी याचे मोठे कारण क्षय होते. भारतात आजही अशा रुग्णात क्षयाची शंका घ्यावीच लागते.

1948 मध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला सालीतलेच कॉर्टिसोन दिले आणि स्टेरॉइडचे युग सुरू झाले. 1950 चे नोबेल त्यांना केंडल आणि राइखस्टाइन यांच्यासह मिळाले. औषध गुणाचेच; घातक आहे ते जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्महिने गोळ्या घेत राहणे. बाहेरून पुरवठा होत राहिला की पियुषिका गप्प बसते आणि साल सुकत जाते. अशात गोळी एकाएकी थांबवली, तर उलट्या, ग्लानी आणि कोसळता रक्तदाब असे प्राणसंकट ओढवते. तेव्हा हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन आणि सलाइन तातडीने लागते. म्हणूनच दीर्घकाळ घेतलेल्या गोळीची मात्रा डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवतात. साल पूर्ववत व्हायला कित्येक महिनेही लागतात.